जेवायला ये, मग भांडू

या महिन्याची डाक उघडली तर नवरा-बायको, सासू-सून, पोराची नोकरी हे नेहमीचं सगळं बाजूलाच राहिलं, एकामागे एक पत्रं राजकारणाचीच. म्हणजे मत कोणाला द्यावं असं कोणी विचारून नाही राहिलं, तसं विचारलं असतं तर सोपं होतं, मी म्हटलं असतं बाप्पा मले नका विचारू. विचारतात हे की मत वेगळं झालं अन् माणूसच तुटला, आता काय करू. त्यातली चार पत्रं घेतली. नावं कोणाचीच देत नाही, नागपुरातला मोहल्ला तेवढा ठेवलाय.

ताई, आम्ही दोघे भाऊ, मी लहान. महालक्ष्म्या दादाकडे बसतात, मुखवटे आजीच्या वेळचे. मागच्या विधानसभेच्या वेळी मी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, दादानं त्याखाली लिहिलं की तू विकला गेला आहेस. मग मीही सोडलं नाही, त्याच्या नेत्याचं काय काय काढलं. वहिनी मधात दोन ओळी बोलली तर तिलाही बोललो. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, दादानं फटाक्यांचे इमोजी टाकले, मी ग्रुप लेफ्ट केला. तेव्हापासून बोलणं बंद. आता महालक्ष्म्या येऊन राहिल्या, आई दादाकडेच असते, ती फोनवर रडते. जाऊ का? गेलो तर माझंच चुकलं असं होईल ना? (मानेवाडा)

पहिले हे सांगा, ग्रुप फटाक्यांमुळे सोडला की वहिनीला बोललो याची लाज वाटली म्हणून सोडला? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दादानं काय लिहिलं ते तुम्ही शब्दाला शब्द लिहिलंय, वहिनीला तुम्ही काय बोललात ते नाही लिहिलं. तेच टोचून राहिलं असेल असं मला वाटते.

जायचंच, त्यात विचारण्यासारखं काही नाही. विचार करायचा तो कसं जायचं याचा, कारण ऐन जेवणाच्या दिवशी पाहुण्यासारखे बारा वाजता पोचलात, पाटावर बसलात, सोळा भाज्या अन् पुरणपोळी खाऊन हात धुतले अन् निघालात तर ते गेल्यासारखं होणारच नाही, आईला तेवढ्यापुरतं बरं वाटेल एवढंच. तुम्ही आदल्या दिवशी जा, कामाच्या दिवशी. महालक्ष्म्या बसवायच्या म्हणजे किती हात लागतात तुम्हाला माहीत आहे, कोठ्या मांडायच्या, साड्या नेसवायच्या, एकानं धरायचं अन् एकानं निऱ्या घालायच्या, वर फुलोरा बांधायचा, मखराची लायटिंग. लायटिंगला दादाच स्टुलावर चढत असेल, मोठे भाऊ चढतातच. तुम्ही स्टूल धरा. खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या माणसाशी फार भांडता येत नाही हो.

वहिनीची माफी मात्र वेगळी, तोंडी, स्वयंपाकघरात जाऊन, एका वाक्यात मागायची. 'वहिनी मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं.' संपलं. त्याच्यापुढे 'पण' आला की माफी गेली. सॉरी पण तुम्हीही मधात पडायला नको होतं, असं म्हणायचं असेल तर त्यापेक्षा घरीच बसा.

अन् दादाजवळ मत मागे घ्यायचं नाही. हे लोक चुकीचं समजतात, की जुळवून घ्यायचं म्हणजे आपण कोणाला मत दिलं ते गिळून टाकायचं. काऊन गिळायचं? तुमचं मत तुमचं आहे, ते तसंच ठेवून जा. फक्त ग्रुपवर परत टाकू नका, कारण ग्रुपवर आपण भावाशी बोलतच नाही, आपण बाकीच्या अडतीस लोकांना दाखवून राहतो की बघा मी कसा ठेवून दिला. दादाही तेच करून राहिला होता. हेच दोघं तुम्ही रात्री गच्चीवर बसून बोलले असते तर 'विकला गेलास' असा शब्द त्याच्या तोंडून निघाला नसता असं मी अगदी खात्रीनं नाही म्हणत, पण निघाला असता तर त्यानं तुमचं तोंड बघितलं असतं ना.

माझंच सांगते. आमच्या समोरच्या काकांचं अन् माझं राजकारणावरून इतकं वाजलं होतं की वर्षभर आम्ही दोघंही गेटमधून खाली मान घालून जायचो, बाई एवढी मोठी झाली तरी. मे महिना, दुपारचे तीन, नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, अन् त्यांच्या कूलरचा पंप गेला. काकू घरात बीपीवाल्या. मला कसं कळलं, तर तो कूलर नुसताच घरघर करत होता, पाणी पडायचा आवाज येत नव्हता, इथला माणूस आवाजावरून ओळखतो. माझ्याकडे मागच्या वर्षीचा एक पंप पडला होता. पोराच्या हातून पाठवणार होते, मग म्हटलं नाही, आपणच जावं. काका बनियनवर, हातात खसच्या ताट्या, पायाशी सगळं पाणी. मी पंप दिला. त्यांनी घेतला. वायर जोडताना मी टॉर्च धरला. राजकारणाचा शब्द नाही, सॉरी नाही, काहीच नाही. पाणी सुरू झालं तर म्हणाले, 'ताई सरबत घेता का?'

आमचं राजकारण काही एक झालं नाही, आजही ते पेपर घेऊन गेटवर येतात अन् मी पण भांडते, पण आता गेटवर उभं राहून भांडतो, समोरासमोर. ते मला म्हणतात तुमचं डोकं फिरलं, मी त्यांना म्हणते तुमचं आधीच फिरलं होतं.

अजून एक. आपल्या महालक्ष्म्या ज्येष्ठा अन् कनिष्ठा, मोठी अन् लहान. तीन दिवस एकाच मखरात बाजूबाजूला उभ्या असतात. आजीच्या मुखवट्यांसमोर उभे राहाल तेव्हा बघा जरा.

मी २३ वर्षांची, धरमपेठेत तिघी मिळून रूम करून राहतो. मी बौद्ध, घर इंदोऱ्याला. एक रूममेट माझी एकदम जवळची, तिचे बाबा शाखेत जातात, त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. मागच्या महिन्यात एक रील बघून ती सहज म्हणाली, 'तुमचं बरं आहे यार, कमी मार्कांत होऊन जातं.' मी हसले. नंतर रात्रभर झोप नाही. तिसरीला सांगितलं तर ती म्हणाली जाऊ दे ना, प्रेमानं राहा, मैत्रीत राजकारण नको आणू. ताई, मी आणलं का? (धरमपेठ)

नाही. तिनं आणलं. तिलाही माहीत नाही तिनं आणलं, ते वेगळं.

'राजकारण मधात नको' हे वाक्य कोण म्हणते त्याच्याकडे लक्ष देत जा पोरी. ज्याच्या पायावर पाय पडला तो नाही म्हणत, बाजूचा म्हणतो, कारण त्याला शांतपणे चहा प्यायचाय. तिसरी मैत्रीण वाईट नाहीये, तिला भांडण नकोय. पण प्रेमानं राहा म्हणजे तू गप राहा असा त्याचा अर्थ निघत असेल तर ते प्रेम नाही, तो मुका मार आहे.

तुला बाबासाहेबांचं मी काय सांगणार, तुझ्या घरात ते माझ्यापेक्षा जास्त वाचले असतील. पण ही एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतेच. घटनेच्या सरनाम्यात जो बंधुता शब्द आहे तो आधीच्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हता. मसुदा समितीनं तो मुद्दाम टाकला, अन् २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा पाठवताना बाबासाहेबांनी कारणही लिहिलं, की बंधुभावाची, सद्भावाची गरज आत्ता आहे तितकी देशाला कधी नव्हती. तारीख बघ. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झालेला, फाळणीची जखम ओली, इकडे महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेलेली. म्हणजे हा शब्द सगळं छान चाललं होतं तेव्हा सजावटीला नाही आला, सगळं पेटलं होतं तेव्हा आला. अन् २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात ते म्हणाले की बंधुता नसेल तर समता अन् स्वातंत्र्य हे नुसते वरून मारलेले रंगाचे हात. आपल्याकडे भाड्याच्या घराला मालक मारतो ना डिस्टेंपर, ओल तशीच, एका पावसात पोपडे. तसं. पुढे १९५४ मध्ये रेडिओवर त्यांनी हेही सांगितलं की ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली.

तुमच्या तिघींच्या रूममध्ये सध्या डिस्टेंपर आहे. खालची ओल तू हसून झाकली.

म्हणून तिला सांग. रील चालू असताना नाही, तिसरीसमोर नाही, दोघीच असाल तेव्हा, कपडे वाळत घालताना वगैरे, म्हणजे हाताला काम असते अन् एकमेकींकडे टक लावून बघावं लागत नाही. सांगायचं एवढंच की त्या दिवशी तू मार्कांचं बोललीस, मी हसले पण मला लागलं, दुसरी कोणी असती तर मी सांगितलंही नसतं. भाषण नको. आकडे नको. आरक्षण का आहे ते तिनं विचारलं तर मग सांग, भरपूर सांग, तुझ्या आजीचं सांग, तुझ्या बाबांनी कुठे बसून अभ्यास केला ते सांग. ते ती कुठल्या रीलमध्ये बघणार आहे?

आणि दसऱ्याला तिला दीक्षाभूमीवर घेऊन जा. आपलं नागपूर म्हणजे काय चीज आहे बघ, १९२५ च्या विजयादशमीला इथेच संघ सुरू झाला अन् १९५६ ला, १४ ऑक्टोबरला, विजयादशमीलाच बाबासाहेबांनी इथेच दीक्षा दिली. त्या दिवशी तिचे बाबा रेशीमबागेच्या वाटेवर असतात, तुझं खानदान दीक्षाभूमीच्या, अन् ट्रॅफिक दोघांनाही सारखाच. तिला पुस्तकांच्या स्टॉलवर ने. एकीकडे पोर कडेवर, दुसऱ्या हातात पिशवी, अन् पिशवीत पुस्तकं, असे लोक तिनं बघितले नसतील. मग संध्याकाळी तू तिच्या घरी जा, सोनं द्यायला, तिच्या आईबाबांच्या पाया पड.

ती नाही आली तर? किंवा सांगितल्यावर 'तू फार सेन्सिटिव्ह आहेस' म्हणाली तर? तर मग वाईट वाटून घे, रूम बदलायची तर बदल. सगळ्याच मैत्र्या वाचवायचा ठेका तू एकटीनं नाही घेतलेला.

माझं मंडप-डेकोरेशनचं काम आहे, इतवारीत. लोखंडी कमानी, गेट, सगळं वेल्डिंग पंधरा वर्षांपासून एका मुस्लिम मिस्त्रीकडे. मार्चमध्ये महालात जी दंगल झाली त्यानंतर एका मंडळाचे पोट्टे म्हणून राहिले की त्याच्याकडून काम घेशील तर यंदा गणपतीचा मंडप तुला नाही. मिस्त्रीला मी अजून काही बोललो नाही. सीझन तोंडावर आहे. काय करावं? (इतवारी)

दादा, काय करावं हे तुम्हाला माहीत आहे, पंधरा वर्षांचा माणूस आहे हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. तुम्हाला धीर पाहिजे. माझ्याकडे जेवढा आहे तेवढा देते, पण पैसे जाणार नाहीत असं खोटं नाही सांगणार. एखादं मंडळ जाईलही.

१७ मार्चची रात्र अन् नंतरचा कर्फ्यू, हे सगळ्या शहरानं बघितलं, माणसं भ्यालेली आहेत, पोट्टेही भ्यालेलेच आहेत पण ते भीती नाही दाखवत, गरमी दाखवतात. त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही, दहा जण असले की त्यातला एकही ऐकत नाही. मंडळाचे जुने लोक पकडा, वर्गणीच्या वह्या ज्यांच्याकडे असतात ते, एकेकाला, दुकानावर बोलवून, चहा पाजून. अन् त्यांच्याशी धंद्याचंच बोला. म्हणा की वीस फुटाची कमान आहे, खालून लेकरं-बायका जातात, ऐन पावसाचे दिवस, हिचे जोड पंधरा वर्षांत एकदाही सुटले नाहीत. नवीन माणूस लावतो, तुम्ही म्हणता तर, पण जोड सुटला तर जबाबदारी लिहून द्या. कोणी लिहून देत नाही, बघा तुम्ही.

अन् त्या पोट्ट्यांपैकी किती जणांच्या आया ताजबागच्या दर्ग्याला नवस बोलून आल्यात ते हळूच मोजा. ताजुद्दीन बाबांना लोकांनी वेडा ठरवून पागलखान्यात टाकलं होतं, तिथून त्यांना आपल्या वाड्यात आणून ठेवणारे कोण होते, तर आपले भोसले राजे. हिंदू राजा, मुसलमान फकीर, अन् हे काही कुठल्या नेत्याच्या भाषणातलं नाही, सक्करदऱ्याच्या लोकांना पाठ आहे.

मिस्त्रीला मात्र आजच सांगा. तुम्ही त्याच्यापासून लपवून राहिले म्हणजे त्याला वाचवून राहिले असं तुम्हाला वाटत असेल, पण त्याच्या कानावर आधीच गेलंय, वेल्डिंगच्या दुकानात सगळ्या शहराच्या गोष्टी येतात. तो वाट बघून राहिला की शेठ कधी बोलतो. काम थांबल्यावर त्याला कळावं यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं. म्हणा की असं असं चाललंय, मी तुझ्याकडूनच करून घेणार आहे, पण एक मंडळ जाऊ शकते, मग आपल्याला दोन-चार लग्नाचे गेट जास्त शोधावे लागतील. आपल्याला म्हणा, तुला-मला नाही. तोही शोधेल.

आता पोळा येईल, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. तुमच्या इतवारीतच निघते, मला सांगायची गरज नाही. काळी अन् पिवळी दोघी येतात, लोक ओरडतात 'इडा पीडा घेऊन जाय गे मारबत', रोगराई, महागाई, सगळं घेऊन जाय. अन् सोबत बडगे, म्हणजे तेही पुतळेच, मोठमोठ्या नेत्यांची काय काय सोंगं करतात, सगळ्या पार्टीचे लोक उभे राहून हसतात. सव्वाशेच्यावर वर्षं झाली. मी लहानपणापासून बघते, बडग्या नेत्याचा निघतो, शेजाऱ्याचा नाही निघत. मंडळाच्या त्या पोट्ट्यांना तिथेच भेटा, त्या दिवशी त्यांचाही मूड चांगला असते.

आमचे जावई पुण्याचे, आमचे हे वेगळ्या विदर्भाचे. दर दिवाळीला जुंपते. जावई म्हणतात विदर्भ सगळा पैसा खातो, हे म्हणतात तुम्हीच आमचा खाल्ला. मुलगी मधात रडकुंडीला. यंदा येऊ नका म्हणू का? (सदर)

येऊ नका कशाला म्हणता बाई, हे भांडण नाही, हा तर कार्यक्रम आहे. तुमच्या यांना वर्षभर ऐकणारं कोणी नसते, जावई येतो तो एकटा पूर्ण ऐकतो अन् उलट बोलतो, म्हणून तर ते पंधरा दिवस आधीपासून कात्रणं काढून ठेवत असतील. काढतात की नाही?

फक्त दोघांनाही जरा कामाला लावा. मी पैजेवर सांगते की ज्या नागपूर कराराच्या नावानं दोघं ओरडतात तो दोघांनीही पूर्ण वाचलेला नाही. २८ सप्टेंबर १९५३ चा, विदर्भानं मराठी राज्यात यायचं त्याच्या अटींचा करार, दोन-तीन पानांच्या वर नाही. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, १९६० ला आपण महाराष्ट्रात आलो, अन् दर हिवाळ्यात अधिवेशन इथे का भरते त्याचं मूळ त्याच करारात. एक प्रिंट काढून आणा. एक कलम यांनी मोठ्यानं वाचायचं, एक जावयानं. मधात कोणी बोललं तर त्यानं चहाचे कप उचलायचे. मुलीला त्या वेळी बाहेर पाठवा, फुटाळा तलावावर वगैरे, तिनं हे सगळं काऊन ऐकावं.

अन् हे सकाळी ठेवा, नाश्त्याला. तर्री पोहे करा, तर्री आपल्या हाताची, पुण्याच्या माणसाला लागेल अशी. पोह्यावर तर्री पडली की जावई पाच मिनिटं तरी बोलत नाही, तेवढ्यात यांना म्हणा पहिलं कलम सुरू करा.